लेसोथोचा भूगोल आणि अर्थव्यवस्था

लेसोथो हा आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील एक लहान, डोंगराळ आणि भूपरिवेष्टित देश आहे. त्याचे क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर असून २०१६ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २० लाख होती. मासेरू ही राजधानी व सर्वांत मोठे शहर आहे. हा देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका या एकाच देशाने वेढलेला आहे. जगात अशी स्थिती आणखी दोनच देशांची आहे, सान मारिनो आणि व्हॅटिकन सिटी; ते दोन्ही इटलीने वेढलेले आहेत. मात्र ती दोन राज्ये शहराएवढी आहेत, तर लेसोथो हे नद्या, पर्वतरांगा, शेती आणि दहा जिल्हे असलेले पूर्ण राष्ट्र आहे. दक्षिण आफ्रिकेचे फ्री स्टेट, क्वाझुलू-नाताल आणि ईस्टर्न केप हे तीन प्रांत त्याच्या सीमेला लागून आहेत.

उंची हे या देशाचे दुसरे वैशिष्ट्य होय. संपूर्ण भूभाग समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून अधिक उंचीवर असलेला हा जगातील एकमेव स्वतंत्र देश आहे. देशातील सर्वांत सखल जागा सेंकू आणि माखालेंग या नद्यांच्या संगमापाशी असून तिची उंचीही सुमारे १,४०० मीटर आहे. देशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग १,८०० मीटरच्या वर आहे.

नाव आणि उच्चार

सोथो भाषेत शब्दाचा अर्थ उपसर्गाने बदलतो. 'सोथो' या एका धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून देश तो 'लेसोथो', भाषा ती 'सेसोथो', एक माणूस तो 'मोसोथो' आणि अनेक माणसे ती 'बासोथो' अशी रूपे होतात. मराठीत अर्थभेद दाखवण्याचे काम बहुधा शब्दाच्या शेवटी येणारे प्रत्यय करतात. येथे तेच काम शब्दाच्या आरंभी होते. ब्रिटिश अमदानीत देशाचे 'बासुटोलँड' हे नाव या अनेकवचनी रूपावरूनच पडले.

लेसोथोत रूढ असलेल्या रोमन लेखनपद्धतीत 'लि' आणि 'लु' असे लिहिलेले अक्षर 'दि' आणि 'दु' असे उच्चारले जाते. त्यामुळे चलनातील सुट्या पैशांचे नाव नकाशाच्या वाचकाला 'लिसेंटे' असे दिसते, पण बाजारात ते 'दिसेंटे' असे ऐकू येते. राष्ट्रसंस्थापक राजाचे नाव मोश्वेश्वे असे उच्चारले जाते. रोमन अक्षरे जशीच्या तशी वाचून मराठीत अनेकदा 'मोशोएशोए' असे लिहिले जाते, ते बरोबर नाही.

भूरचना

देशाचे साधारणपणे चार विभाग पडतात: पश्चिमेकडील सखल पट्टा, त्यानंतरच्या पायथ्याच्या टेकड्या, पूर्वेकडील उंच पर्वतीय प्रदेश आणि दक्षिणेकडील सेंकू नदीचे खोरे. 'सखल' हा शब्द येथे सापेक्ष आहे. मासेरू या सखल पट्ट्यातील शहराची उंची सुमारे १,६०० मीटर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईच्या जवळपास आहे. मोहोकारे (कॅलेडन) नदीच्या काठाने गेलेल्या या अरुंद पट्ट्यातच बहुसंख्य लोकवस्ती, बहुतेक मोठी गावे आणि लागवडीयोग्य जमिनीचा मोठा भाग एकवटला आहे.

भूस्तराच्या दृष्टीने देशाची रचना समजण्यास सोपी आहे. खाली वालुकाश्माचे थर आणि वर बेसाल्टचा जाड थर. सखल भागात पिवळसर व तांबूस वालुकाश्माचे कडे आणि सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात. मासेरू या नावाचा अर्थही 'लाल वालुकाश्मांची जागा' असाच आहे. या वालुकाश्मात पाण्याने व वाऱ्याने कोरलेली खोलगट कपारे आहेत. त्यांत सान लोकांनी काढलेली प्राचीन चित्रे आढळतात. याच खडकांत डायनोसॉरांची पाऊलचिन्हे आणि जीवाश्म सापडले आहेत. एका लहान शाकाहारी डायनोसॉरला 'लेसोथोसॉरस' हे नाव या देशावरून मिळाले.

पूर्वेकडील पर्वत बेसाल्टचे आहेत. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, गोंडवन या प्राचीन महाखंडाचे विभाजन होऊ लागले त्या सुमारास भेगांमधून लाव्हा बाहेर पडून थरावर थर साचले. त्यांची जाडी काही ठिकाणी एक किलोमीटरहून अधिक आहे. दख्खनच्या पठाराचा काळा खडकही अशाच भेगी उद्रेकांतून तयार झाला, मात्र तो बराच नंतरचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यामुळे सह्याद्रीतील पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर पाहिलेल्या वाचकाला लेसोथोच्या डोंगरउतारांची ठेवण अपरिचित वाटणार नाही. फरक झाडांचा आहे. लेसोथोत नैसर्गिक अरण्य जवळजवळ नाही. डोंगर गवताचे आहेत आणि हिवाळ्यात त्यांवर बर्फ पडते.

पूर्व सीमेवर ड्रॅकेन्सबर्गचा कडा उभा आहे. त्याच्या पश्चिमेस मालोती पर्वतरांगा पसरल्या आहेत. थाबाना न्त्लेन्याना (३,४८२ मीटर) हे देशातील आणि सबंध दक्षिण आफ्रिकी प्रदेशातील सर्वोच्च शिखर होय. नावाचा अर्थ 'सुंदर छोटा डोंगर' असा आहे. आजूबाजूचे पठारच इतके उंच आहे की हे शिखर दुरून खरोखरीच लहान दिसते.

नद्या

सेंकू ही देशातील प्रमुख नदी. ईशान्येकडील डोंगरांत उगम पावून ती नैर्ऋत्येकडे वाहते आणि दक्षिण आफ्रिकेत शिरल्यावर ऑरेंज या नावाने ओळखली जाते. सुमारे २,२०० किलोमीटरचा प्रवास करून ती अटलांटिक महासागरास मिळते. हिंदी महासागर उगमापासून कितीतरी जवळ असताना नदी खंड ओलांडून दुसऱ्या समुद्राला जाते, याचे कारण पूर्वेकडील कडा हाच जलविभाजक आहे. कृष्णा-गोदावरीचे उगम अरबी समुद्राजवळ असूनही त्या बंगालच्या उपसागरास मिळतात, त्यातलाच हा प्रकार. उत्तर सीमेवरील एका पर्वतसमूहाला १८३६ मध्ये तेथे पोहोचलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी 'मोंत-ओ-सूर्स', म्हणजे 'उगमांचा पर्वत', असे नाव दिले.

मालिबामात्सो, सेंकुन्याने आणि माखालेंग या सेंकूच्या महत्त्वाच्या उपनद्या आहेत. सेमोंकोंगजवळ मालेत्सुन्याने नदीचा धबधबा १९२ मीटर उंचीवरून एकाच झेपेत कोसळतो. त्याच्या तुषारांमुळे त्या जागेला सेमोंकोंग, म्हणजे 'धुराची जागा', हे नाव पडले.

उंच खोऱ्यांच्या माथ्यावर पाणथळ गवताळ जमिनी आहेत. त्या पावसाचे व बर्फाचे पाणी स्पंजाप्रमाणे धरून ठेवतात आणि कोरड्या महिन्यांत हळूहळू नदीला सोडतात. लेसोथोच्या नद्या बारमाही राहण्यात या जमिनींचा वाटा मोठा आहे. अतिचराईमुळे त्या तुडवल्या जाऊन कोरड्या पडत आहेत, ही या देशाच्या भूगोलातील सर्वांत चिंतेची बाब मानली पाहिजे. धरणे कितीही बांधली तरी ती भरणारे पाणी येथूनच येते.

हवामान

देश दक्षिण गोलार्धात असल्याने ऋतू भारताच्या उलट येतात. नोव्हेंबर ते जानेवारी उन्हाळा आणि मे ते ऑगस्ट हिवाळा. एकूण पावसापैकी सुमारे ८५ टक्के पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, बहुधा दुपारनंतरच्या गडगडाटी सरींच्या रूपाने पडतो. सखल भागात वर्षाकाठी ६०० ते ८०० मिलिमीटर, तर पूर्व कड्यालगत १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. हिवाळ्यात पर्वतीय भागातील तापमान शून्याखाली १५ अंशांपर्यंत आणि क्वचित त्याहूनही खाली जाते. डोंगरातील गावे अशा वेळी बर्फामुळे काही दिवस बाहेरच्या जगापासून तुटतात.

पावसाच्या सरासरीवरून मात्र शेतीचा अंदाज करता येत नाही. गारपीट, अवेळी पडणारे दहिवर आणि पावसातील मोठे खंड ही शेतकऱ्याची खरी संकटे आहेत. २०१५-१६ मध्ये एल निन्योच्या प्रभावाने पडलेल्या दुष्काळात सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली.

सीमा कशी ठरली

आजच्या अर्थव्यवस्थेचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे, त्यामुळे थोडा इतिहास सांगणे आवश्यक ठरते. पहिला मोश्वेश्वे (सुमारे १७८६–१८७०) याने १८२४ मध्ये थाबा बोसिउ, म्हणजे 'रात्रीचा डोंगर', या सपाट माथ्याच्या टेकडीवर आपले ठाणे केले आणि युद्धांमुळे विखुरलेल्या अनेक टोळ्यांना आश्रय देऊन बासोथो राष्ट्र उभे केले. १८३३ मध्ये त्याने फ्रेंच प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना बोलावून घेतले. मोरिजा येथे त्यांनी शाळा आणि छापखाना काढला.

पुढे ऑरेंज फ्री स्टेटच्या बोअर वसाहतवाल्यांशी १८५८ आणि १८६५ ते १८६८ या काळात युद्धे झाली. राष्ट्र नष्ट होण्याची वेळ आली तेव्हा मोश्वेश्वेने ब्रिटिशांचे संरक्षण मागितले आणि मार्च १८६८ मध्ये ते मिळाले. परंतु १८६९ च्या अलिवाल नॉर्थ येथील तहात मोहोकारे नदीच्या पश्चिमेकडील सुपीक मैदान बोअरांकडे राहिले. देश वाचला, पण त्याचे धान्याचे कोठार गेले. डोंगर हाती आले आणि सपाट जमीन सीमेपलीकडे गेली, ही गोष्ट लेसोथोच्या आर्थिक इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

१८७१ ते १८८४ हा काळ वगळता, जेव्हा प्रदेश केप वसाहतीला जोडला होता, बासुटोलँड थेट ब्रिटिश राजवटीखाली राहिले. १८८०-८१ मध्ये बंदुका जमा करण्याच्या हुकुमाविरुद्ध बासोथोंनी केलेला उठाव यशस्वी झाला, हे येथे विशेष नमूद करण्यासारखे आहे. त्यामुळेच गोऱ्या वसाहतवाल्यांना येथे जमिनी मिळाल्या नाहीत आणि पुढे हा देश दक्षिण आफ्रिकेत विलीन झाला नाही. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. राजा हा नामधारी राष्ट्रप्रमुख असून सत्ता पंतप्रधान व संसदेकडे असते.

शेती आणि पशुपालन

कायद्यानुसार देशातील सर्व जमीन बासोथो राष्ट्राची असून राजा तिचा विश्वस्त असतो. पूर्वी गावचा प्रमुख कुटुंबांना जमीन कसण्यासाठी वाटून देत असे; १९७९ च्या आणि नंतर २०१० च्या कायद्याने भाडेपट्ट्याची पद्धत रूढ केली. लागवडीस योग्य जमीन एकूण क्षेत्राच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे. मका, ज्वारी, गहू, घेवडा, वाटाणा आणि बटाटा ही मुख्य पिके. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, 'पापा', हे रोजचे अन्न आहे. ज्वारीपासून आंबवलेले पेय घरोघरी होते.

आज देशाला लागणाऱ्या धान्याचा बराच मोठा भाग दक्षिण आफ्रिकेतून येतो. पण नेहमीच असे नव्हते. १८७० च्या दशकात किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवरील मजुरांना बासोथो शेतकरी गहू, मका व ज्वारी पुरवीत. लोखंडी नांगर त्यांनी चटकन स्वीकारला होता. पुढे रेल्वे आली, अमेरिका व ऑस्ट्रेलियाचे स्वस्त धान्य खाणींपर्यंत पोहोचले, लोकसंख्या वाढली, पश्चिमेची जमीन गेलेलीच होती. पाहता पाहता धान्य विकणारा प्रदेश धान्य विकत घेणारा झाला.

कमी जमिनीवर वाढलेल्या भाराचा परिणाम मातीवर झाला. सखल भागात पावसाच्या पाण्याने कापलेल्या खोल घळी सर्वत्र दिसतात. त्यांना तेथे 'डोंगा' म्हणतात. काही घळींत घर बुडेल इतकी खोली असते. ब्रिटिश अमदानीपासून उतारांवर बांध घातले गेले, तरी धूप थांबली नाही. तीव्र उतारांवरची नांगरणी आणि चराऊ कुरणांवरची गर्दी ही कारणे कायम राहिली.

यावर स्थानिक उपायही निघाले. जेम्स मचोबाने यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास राख व शेणखताचा वापर, मिश्र पिके आणि वर्षभर शेत झाकलेले ठेवणे यांवर आधारलेली लागवड पद्धती विकसित केली. तिचे तत्त्व असे की लहान तुकड्यावरही कुटुंबाचे पोट भरले पाहिजे आणि खत विकत आणावे लागू नये. अलीकडे दगडांच्या गोल ओट्यावर भाजी पिकवण्याची पद्धत लोकप्रिय झाली. ओट्याच्या मध्यभागी घरातील ओला कचरा व सांडपाणी टाकतात आणि एका बाजूने आत जाण्यास खाच ठेवतात. वाकून काम करता न येणाऱ्या वृद्ध व आजारी माणसांना ती विशेष सोयीची ठरली.

पशुपालन हे डोंगराळ भागाचे खरे उपजीविकेचे साधन आहे. मेरिनो मेंढ्यांची लोकर आणि अंगोरा शेळ्यांचे मोहेर यांची निर्यात होते. मोहेरच्या उत्पादनात दक्षिण आफ्रिकेनंतर लेसोथोचाच क्रमांक लागतो. उन्हाळ्यात गुरे उंचावरील कुरणांत नेतात आणि गुराखी तेथे दगडी झोपड्यांत महिनोन्महिने राहतात. हे गुराखी बहुधा लहान मुलगे असतात. या कारणाने मुलांची शाळा सुटते; लेसोथोत स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे, त्यामागचे हे एक मुख्य कारण होय. २००० पासून टप्प्याटप्प्याने प्राथमिक शिक्षण मोफत झाले, तरी कुरणावरची मुले अजूनही सर्वांत शेवटी शाळेत येतात.

लोकर पूर्वीपासून दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथच्या लिलावात विकली जाई. २०१८ मध्ये सरकारने ती देशातच विकण्याची सक्ती केली. हेतू मूल्यवर्धन देशात व्हावे असा होता, परंतु पैसे मिळण्यास विलंब झाल्याने हजारो मेंढपाळ मासेरूच्या रस्त्यांवर उतरले आणि पुढे निर्बंध सैल करावे लागले.

डोंगरी वाटांवर टिकून चालणारा बासोथो घोडा आणि नक्षीदार लोकरी ब्लँकेट ही या जीवनाची दोन ओळखचिन्हे आहेत. ब्लँकेट हा येथे पोशाखाचाच भाग असून जन्म, विवाह अशा प्रसंगी त्याला मान असतो.

खाणींतील मजुरी

शंभरहून अधिक वर्षे लेसोथोची सर्वांत मोठी निर्यात माणसे ही होती. १८८६ नंतर विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी सुरू झाल्या आणि कर भरण्यासाठी, गुरे घेण्यासाठी, लग्नाचा खर्च भागवण्यासाठी बासोथो पुरुष तेथे जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सव्वा लाखाच्या आसपास बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत होते. त्या काळी देशाच्या आत मिळणाऱ्या उत्पन्नाच्या जवळपास बरोबरीने बाहेरून पैसा येत असे. वेतनाचा काही भाग सक्तीने मासेरूतील बँकेत जमा करण्याचा नियम होता.

पुरुष वर्षातील बहुतेक काळ बाहेर राहत, शेती व घर स्त्रिया सांभाळीत. तरीही कायद्याच्या दृष्टीने विवाहित स्त्री अज्ञान समजली जाई. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला कर्ज काढता येत नसे किंवा करार करता येत नसे. हा कायदा २००६ मध्ये बदलला.

१९९० नंतर सोन्याचे भाव उतरले, खाणी खोल व खर्चिक झाल्या आणि परदेशी मजुरांची भरती घटली. २०१० च्या सुमारास खाणींतील बासोथोंची संख्या चाळीस हजारांच्या आसपास आली व ती पुढेही घटत गेली. परत आलेल्यांपैकी अनेकांनी फुप्फुसात सिलिका धूळ साचून होणारा सिलिकोसिस आणि क्षयरोग सोबत आणला. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयाने सोन्याच्या खाणकंपन्या व कामगार यांच्यातील भरपाईच्या समझोत्यास मान्यता दिली. लाभार्थ्यांत लेसोथोतील माजी खाणकामगार व मृतांच्या विधवा मोठ्या संख्येने आहेत. कुटुंबे वेगळी राहण्याच्या या व्यवस्थेचा आणखी एक परिणाम म्हणजे एचआयव्हीचा फैलाव. प्रौढांपैकी सुमारे पाचांत एकाला त्याची लागण असून हे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत लेसोथोची गणना होते.

आता खाणींऐवजी शेतमजुरी, बांधकाम आणि घरकामासाठी लोक सीमा ओलांडतात. यांत स्त्रियांची संख्या बरीच आहे. बाहेरून येणारा पैसा आजही राष्ट्रीय उत्पन्नाचा मोठा हिस्सा आहे.

पाणी

लेसोथोकडे विपुल आहे ते पाणी, आणि सीमेपलीकडे जोहान्सबर्गच्या औद्योगिक पट्ट्याला पाण्याचीच कमतरता आहे. ही कल्पना १९५० च्या दशकापासून चर्चेत होती. प्रत्यक्ष करार २४ ऑक्टोबर १९८६ रोजी झाला. त्याच वर्षी जानेवारीत वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेने लेसोथोच्या सीमा रोखून धरल्या होत्या आणि त्या नाकेबंदीतच मासेरूत लष्करी उठाव होऊन सरकार बदलले होते. त्यामुळे हा करार समान पातळीवरील दोन देशांचा होता असे म्हणणे कठीण आहे.

योजनेचे मुख्य धरण मालिबामात्सो नदीवरील कात्से. १८५ मीटर उंचीचे हे दुहेरी वक्रतेचे काँक्रीटचे कमानी धरण असून त्याची साठवणक्षमता १९५ कोटी घनमीटर आहे. तेथून सुमारे ४५ किलोमीटरच्या बोगद्याने पाणी मुएला येथील ७२ मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत केंद्रात येते आणि पुढच्या बोगद्याने दक्षिण आफ्रिकेतील अॅश नदीत सोडले जाते. तेथून ते व्हाल धरणास मिळते. हा सारा प्रवास उताराने होतो, पंपाची गरज पडत नाही. योजनेचे आर्थिक गणित यावरच उभे आहे. पाण्याच्या वितरणास १९९८ मध्ये आरंभ झाला. त्यानंतर १४५ मीटर उंचीचे मोहाले धरण पुरे होऊन ३२ किलोमीटरच्या बोगद्याने कात्सेशी जोडले गेले. या दोन धरणांमुळे वर्षाला सुमारे ७८ कोटी घनमीटर पाणी देता येते. पर्यायी योजनेच्या तुलनेत दक्षिण आफ्रिकेच्या झालेल्या बचतीपैकी ५६ टक्के वाटा लेसोथोला स्वामित्वधन म्हणून मिळतो, आणि मुएलाची वीज लेसोथोची असते.

सप्टेंबर १९९८ मध्ये निवडणुकीच्या वादातून अशांतता माजली तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे सैन्य देशात शिरले आणि कात्से धरणावरील चकमकीत लेसोथोचे सैनिक मारले गेले. पाण्याचे मोल किती आहे, हे त्या दिवशी बासोथोंना वेगळ्या रीतीने कळले.

योजनेस आणखीही एक बाजू आहे. मोहालेच्या पाण्याखाली गेलेले खोरे डोंगराळ भागातील चांगल्या शेतीचे होते. विस्थापितांना धान्य व रोख रकमेच्या रूपाने भरपाई देण्यात आली, पण जमिनीच्या बदल्यात जमीन क्वचितच मिळाली. बांधकामाच्या ठेक्यांतील लाचखोरीबद्दल योजनेच्या प्राधिकरणाच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला २००२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि पाठोपाठ लाच देणाऱ्या परदेशी कंपन्यांवरही मासेरूच्या न्यायालयात दोष सिद्ध झाला. एका लहान व गरीब देशाच्या न्यायालयाने बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना दोषी ठरवण्याची ही घटना कायद्याच्या अभ्यासकांनी विशेष दखल घेतलेली आहे.

धरणांच्या परिसरातील अनेक गावांना आजही झऱ्यावरून पाणी वाहून आणावे लागते. जलाशय खोल दरीत आणि गावे उतारावर असल्याने पाणी वर चढवणे खर्चाचे पडते. सखल भागाची तहान या योजनेने भागत नाहीच. मासेरू व आसपासच्या गावांसाठी फुथियात्सानी नदीवर मेतोलोंग हे निराळे धरण बांधावे लागले.

दुसऱ्या टप्प्याचा करार २०११ मध्ये झाला. त्यात मोखोत्लोंग जिल्ह्यात सेंकू व खुबेलू नद्यांच्या संगमाखाली पोलिहाली धरण आणि तेथून कात्सेपर्यंत सुमारे ३८ किलोमीटरचा बोगदा यांचा समावेश आहे. धरणाचे मुख्य काम २०२३ मध्ये सुरू झाले. टप्पा पूर्ण झाल्यावर वार्षिक पुरवठा १२७ कोटी घनमीटरपर्यंत जाईल. जुन्या बोगद्यांच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२४ पासून सुमारे सहा महिने पाणी बंद ठेवावे लागले, तेव्हा मुएलाची वीजनिर्मितीही थांबली आणि देशाला दक्षिण आफ्रिका व मोझांबिककडून अधिक वीज घ्यावी लागली.

तयार कपड्यांचा उद्योग

१९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक निर्बंध आल्यावर तैवानी उद्योजक लेसोथोत आले. २००० मध्ये अमेरिकेने आफ्रिकी देशांच्या मालाला करमुक्त प्रवेश देणारा कायदा केला आणि त्यातील सवलतीमुळे कापड आशियातून आणून येथे शिवलेले कपडेही करमाफीस पात्र ठरले. मासेरूतील थेत्साने आणि उत्तरेकडील मापुत्सोए येथे कारखाने उभे राहिले. अमेरिकेतील नामांकित कंपन्यांच्या जीन्स व टी-शर्ट येथे शिवले जाऊ लागले. २००४ च्या सुमारास या उद्योगात पन्नास हजारांच्या आसपास कामगार होते. ज्या काळात पुरुषांची खाणीतील कामे गेली, त्याच काळात स्त्रियांना कारखान्यांत कामे मिळाली. घराचे उत्पन्न नवऱ्याकडून बायकोकडे सरकले, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

२००५ मध्ये कापडव्यापारातील जागतिक कोटापद्धत संपताच आशियाई देशांच्या स्पर्धेने काही कारखाने एका रात्रीत बंद झाले. उद्योग सावरला, पण कापड, धागा, बटणे, गिऱ्हाईक आणि भांडवल सारेच बाहेरचे असल्यामुळे त्याची मुळे उथळ राहिली. डेनिम धुण्याचे निळे सांडपाणी नद्यांत जाण्याचा प्रश्न आणि कारखान्यांतील स्त्रियांचा लैंगिक छळ यांवरही बरीच चर्चा झाली. छळाविरुद्ध २०१९ मध्ये कामगार संघटना, महिला संघटना, कारखानदार व अमेरिकी ग्राहक कंपन्या यांच्यात करार झाले.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने लेसोथोच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केले. ते पुढे १५ टक्क्यांवर आणले गेले, परंतु दरम्यान मागण्या थांबल्या आणि कामगारांना घरी बसावे लागले. जुलै २०२५ मध्ये सरकारने बेरोजगारीच्या कारणास्तव राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. करमुक्त प्रवेशाच्या कायद्याची मुदतही सप्टेंबर २०२५ अखेर संपली.

हिरे

सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी बेसाल्ट भेदून वर आलेल्या किंबर्लाइट खडकाच्या नळ्यांत हिरे सापडतात. लेत्सेंग ही ३,००० मीटरहून अधिक उंचीवरील खाण जगातील सर्वांत उंच हिरेखाणींपैकी एक आहे. शंभर टन खडकामागे दोन कॅरटही हिरे निघत नाहीत, पण जे निघतात ते मोठे व शुद्ध असतात. १९६७ मध्ये एका स्थानिक महिलेला तेथे ६०१ कॅरटचा हिरा सापडला होता. २००६ मध्ये ६०३ कॅरटचा 'लेसोथो प्रॉमिस' आणि जानेवारी २०१८ मध्ये ९१० कॅरटचा 'लेसोथो लेजंड' मिळाला. दुसऱ्याला चार कोटी डॉलर किंमत आली. खाणीत सरकारचा ३० टक्के हिस्सा आहे. खाणकाम यंत्रांचे असल्याने रोजगार मात्र बेताचाच मिळतो. काओ व लिखोबोंग या अन्य खाणी होत.

चलन, महसूल आणि दक्षिण आफ्रिकेशी संबंध

लोती हे चलन (अनेकवचन मालोती) १९८० मध्ये सुरू झाले. त्याचे नाव मालोती पर्वतांवरून पडले असून त्याची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेली आहे. दुकानांत दोन्ही चलने सारखीच चालतात. यामुळे महागाई आटोक्यात राहते, पण व्याजदराचे स्वतंत्र धोरण आखता येत नाही.

सरकारच्या महसुलाचा सर्वांत मोठा स्रोत दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघ हा आहे. १९१० मध्ये स्थापन झालेला हा संघ जगातील सर्वांत जुना अस्तित्वात असलेला सीमाशुल्क संघ समजला जातो. बोट्स्वाना, एस्वातिनी, नामिबिया व दक्षिण आफ्रिका हे अन्य सदस्य. सामाईक तिजोरीतून मिळणारा वाटा अनेक वर्षी लेसोथोच्या महसुलाच्या निम्म्याच्या जवळ गेलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतील आयात घटली की हा वाटाही घटतो. २००८-०९ च्या जागतिक मंदीनंतर असेच झाले आणि मासेरूच्या अंदाजपत्रकात मोठे भगदाड पडले.

२०१७ मध्ये औषधी उपयोगासाठी गांजाच्या लागवडीस परवाने देणारा लेसोथो हा आफ्रिकेतील पहिला देश ठरला. हे पीक डोंगरांत पूर्वीपासून चोरून घेतले जाई. परवान्याची फी मात्र इतकी जबर ठेवण्यात आली की लहान शेतकरी त्यापासून दूरच राहिला.

दळणवळण आणि पर्यटन

देशात रेल्वे आहे ती अगदी थोड्या अंतराची, १९०५ मध्ये मासेरूपर्यंत आणलेली. ती दक्षिण आफ्रिकेच्या लोहमार्गाला जोडलेली आहे. धरणांच्या कामासाठी बांधलेल्या रस्त्यांनी पर्वतीय भागाचा एकांत बराच कमी केला, तरी अनेक गावांना अजून घोडा व गाढव हीच वाहने आहेत. पूर्व सीमेवरील २,८०० मीटरहून उंच सानी खिंडीचा वळणावळणांचा कच्चा रस्ता साहसी प्रवाशांत प्रसिद्ध आहे. मासेरूनजीकच्या विमानतळाला पहिल्या मोश्वेश्वेचे नाव दिले आहे.

आग्नेयेकडील सेहलाबाथेबे राष्ट्रीय उद्यान २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ड्रॅकेन्सबर्गच्या जागतिक वारसा स्थळात समाविष्ट झाले. उत्तरेतील डोंगरात हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे केंद्र चालते. बरेच पर्यटक दक्षिण आफ्रिकेतून येतात. मालोतीच्या उतारांवर उगवणारी, पाने चक्राकार मांडलेली कोरफडीची एक दुर्मीळ जात येथील राष्ट्रीय वनस्पती आहे. रोपांच्या चोरट्या विक्रीमुळे ती संकटात असून कायद्याने तिला संरक्षण दिलेले आहे.